उंबऱ्यातला गोळा

माझी बायको ज्या दगडाला देव मानायची तो तोफेचा गोळा होता. हे कळायच्या आधी तिने त्याला कुंकू लावलं होतं, आणि कळल्यावरही पुसलं नाही. आता ती नाही, म्हणून मी लिहितो. मला लिहिता फारसं येत नाही. शाळा चौथीपर्यंत.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मी गवंडी. गाव दाभोळच्या खाडीवर. ओमानात, मस्कतच्या पुढे कुरियात गावी एका अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, जुन्या घराचं काम करत होतो. बायको त्यांच्याच घरात स्वयंपाकाला. अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात आम्हाला एक खोली दिलेली.

समुद्राकडची भिंत पाडताना पायाच्या चिऱ्यांतून तो दगड निघाला. नारळाएवढा, वाटोळा, मुद्दाम घडवल्यासारखा. मी बाजूला फेकला. बायकोने पाहिला आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. आमच्या गावच्या देवाला नाक नाही, डोळे नाहीत, असाच पाषाण आहे. वाटोळा दगड जमिनीतून वर आला की आमच्या बायका पुढे काही विचारत नाहीत. तिने तो उचलून खोलीमागे शेवग्याखाली ठेवला.

मग त्याच भिंतीचा उरलेला भाग माझ्या डाव्या पायावर कोसळला. नडगीचं हाड बाहेर आलं. जखम चिघळली, पू व्हायला लागला. डॉक्टर म्हणाला, गुडघ्याखालून कापावा लागेल. बायकोने दगडाला तेलात कालवून कुंकू फासलं आणि गाऱ्हाणं घातलं. मी खाटेवरून ऐकत होतो.

"ह्यांचा पाय राख रे बाबा. माझं काय न्यायचं ते ने, पण ह्यांचा पाय राख."

पाय राहिला. औषधाने राहिला म्हणा, पण तिला तसं सांगून बघा! कुबडीवर उभा राहिलो तेव्हा तिने आधी दगडाला फूल वाहिलं, मग मला चहा दिला.

अर्बाबच्या म्हाताऱ्या आईने एकदा ते कुंकू पाहिलं. तिला मुंबईची हिंदी यायची, नवरा तिकडे जाणाऱ्या खजुराच्या गलबतावर होता तिचा. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. तिने काठीने दगड लोटून पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"ह्याला पूजतेस? हा काय आहे माहीत आहे तुला?"

"देव आहे, अम्मा."

"बुर्तुगालची, पोर्तुगीजांची तोफ हा ओकायची. पाचशे वर्षांपूर्वी फिरंगी जहाजातून उतरले तेव्हा हे गाव पेटवलं त्यांनी. मशीद जाळली. जे जिवंत सापडले त्यांची नाकं कापली, कान कापले. बायकांचीही. रक्ताने भरलेली तोंडं घेऊन लोक डोंगरात पळाले. आमच्या घरात पोराला हे आधी सांगतात, मग नमाज शिकवतात. आणि तू ह्याला लाल रंग लावतेस!"

बायको माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "अहो, खरं आहे का हे?"

खरंच असणार. आमचं दाभोळही फिरंग्यांनी जाळलं होतं. बंदरावरचे म्हातारे सांगायचे, तान्ही पोरं भिंतीवर आपटली. आम्ही ऐकायचो आणि जाळी विणायला बसायचो. ह्या लोकांनी मात्र ते जपून ठेवलं होतं.

"टाकून देऊ या समुद्रात," मी म्हणालो.

"आणि तुमचा पाय? गाऱ्हाणं घातलंय मी. बोललेलं मागे घेऊ?"

दुपारच्या नमाजानंतर अर्बाबचा धाकटा भाऊ दगड फोडायला घण घेऊन आला. "यल्ला, बाजूला हो!" बायको दगडावर पालथी पडली. त्याने तिला वेणीला धरून ओढलं. तिचं कपाळ जमिनीवर घासलं, पण तिने हात सोडले नाहीत. मी कुबडी उचलली आणि त्याच्या कानशिलावर घातली. कान फाटला त्याचा. त्याने माझ्या दुखऱ्या पायावर लाथ मारली. जखम उसवली, पट्टी रक्ताने भिजली. मी खाली पडलो आणि तो माझ्या बरगड्यांत लाथा घालत सुटला. बायकोने पडल्या पडल्या त्याच्या पोटरीला दात लावले.

तेवढ्यात म्हातारी आली. पोराला नुसतं आवरेल असं वाटलं. तिने त्याच्या थोबाडीत दिली, एक इकडून, एक तिकडून.

"फिरंगी गेले असं समजत होते मी," ती म्हणाली. "हा बघा, माझ्या अंगणात उभा आहे. बाईचे केस हातात घेऊन."

त्याच्या मुठीत खरंच केस होते.

मग तिने निवाडा केला. फोडायचा नाही, पूजायचाही नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसवायचा, अर्धा वर. "मला तो रोज टाचेखाली लागला पाहिजे. खलास!"

मीच बसवला, बसल्या बसल्या.

पुढची सगळी वर्षं त्या दारातून दोघी जायच्या. म्हातारी मुद्दाम टाच रगडून. बायको त्याला पाय न लावता, ओलांडून. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि कधी कधी हसायच्यासुद्धा. म्हातारी म्हणायची, "उडी मार, बकरी!" ही म्हणायची, "तुम्ही रगडा, अम्मा. मी संध्याकाळी माफी मागते तुमच्या वाटची."

मग एकदा भाताचं पातेलं हातात घेऊन बायकोने दगड ओलांडायला पाय उचलला, आणि तोल गेला. डोकं चौकटीवर आपटलं. भात सगळा तिच्या अंगावर. मी धावलो तेव्हा कानातून रक्त येत होतं. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. ज्याच्यावर सगळी दुनिया पाय देत होती त्याच्यावर हिने दिला असता, तर आज जिवंत असती.

स्मशानातून आलो आणि सरळ घण उचलला. म्हातारी उंबऱ्यात बसली होती, दगडाला पाठीशी घालून.

"ऊठ, अम्मा. ह्याने मारलं तिला."

"ह्याने माझीही माणसं मारली. एवढी वर्षं रगडला, झिजला का?"

"ऊठ म्हणतो ना! तुलाही घालीन नाहीतर."

"घाल. पण ती ह्याच्याकडे तुझा पाय मागायची. दगड फोडायचा तर आधी तो पाय तोड. मग ह्याला हात लाव."

मी घण डोक्यावर धरून उभा होतो. मग तो मागे टाकून दिला. फरशी फुटली.

म्हातारी थोडी सरकली. "बस," म्हणाली.

बसलो. जागा एवढीशी. डावा पाय नेमका दगडावर येत होता. मी तो दोन्ही हातांनी उचलून धरला, आणि कुठे ठेवायचा ते मला कळेना.