पाखरं हाकणारा टेप

कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, आणि त्या वासासरशी मी गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधून थेट आमच्या द्राक्षबागेत जाऊन उभी राहिले. दोन स्पीकरचा हा जड टेप माझे वडील, अण्णा, असाच पुसून चकचकीत ठेवायचे.

एके साली मण्यांत साखर भरली आणि पाखरं तुटून पडली. दिवसभर ओरडून अण्णांचा घसा बसत चालला, तेव्हा त्यांनी युक्ती काढली. मी टेपची रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली आणि अण्णा समोर उकिडवे बसून "हाऽऽ हुर्रर्र" ओरडले. मला हसू आवरेना. "हसू नको पोरी, टेपमधी येईल," ते म्हणाले. तेही टेपमध्ये आलं.

टेप बागेत लावून ठेवला, तर दोन दिवस पाखरं बिचकली. तिसऱ्या दिवशी टेप ओरडत होता आणि त्याच्याच हँडलवर बसून एक बुलबुल द्राक्ष खात होता. मी पोट धरून हसले. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "पाखरायला मानूस कळतो." आणि घोगऱ्या आवाजात ओरडत पुन्हा बागेत शिरले.

आज टेपला नवा बेल्ट बसवला, तीच कॅसेट घातली. अण्णांची आरोळी घरभर घुमली, मागोमाग माझं हसू आलं. बाल्कनीच्या कठड्यावरची कबुतरं जागची हलली नाहीत. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. तरीही या घरात माणूस नाही, असंच त्यांना वाटत असावं.