बासमतीचा वास

भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि बासमतीचा वास सुटला, की मला उमरेडकडचं जंगल आठवतं. वाघ झुडपावर मुताचा फवारा मारतो त्यालाही असाच वास येतो. मी तेव्हा तिथे गाइड होते. मोहफुलं, सरपण आणायला जंगल गावाला कधीच बंद झालं होतं. त्याच्या बदल्यात हे काम मिळालेलं. गेट बंद व्हायच्या आत सफारीची जिप्सी बाहेर आली नाही, तर हे काम जायचं. माझा आधी एकदा उशीर माफ झाला होता. त्या संध्याकाळी परतताना वाघ आला आणि रस्त्यातच बसला. पर्यटक हरखून फोटो काढत होते. ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, हा काहून उठून नाही राहिला?" मी नुसती मावळतीकडे बघत होते. तो उठला तेव्हा दिवस बुडाला होता. गेटवर माझा सख्खा दीर पहाऱ्याला होता. त्याने घड्याळ पाहिलं, मान खाली घालून वहीत माझा उशीर लिहिला. "वहिनी, सोडलं तं माह्यंबी काम जाते." आता शहरात, नंदनवन कॉलनीत मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते, त्या बाईंनी परवा विचारलं, वाघ कधी जवळून पाहिलास का? पाहिला, म्हटलं, समोरच बसला होता. "नशीब लागतं बाई," त्या म्हणाल्या.