पालथ्या होडीचं छप्पर

आमच्या गावची इगर्ज, म्हणजे चर्च, दर्यावर्दींनी बांधली. एका वादळातून वाचलेल्या तांडेलांनी खाडीच्या तोंडावर चिरे वाहिले, भिंती उभ्या केल्या आणि चुना लावला. छप्पर मात्र होड्या बांधणाऱ्या सुतारांनी घातलं. त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. एक मोठी होडी बांधली आणि भिंतींवर पालथी घातली. बाकावर बसून वर पाहिलं की कण्याला जुळलेल्या फणसाच्या लाकडाच्या फासळ्या दिसत. खिळे नव्हते, नुसत्या लाकडी खुंट्या.

त्या सुतारांच्या घरातला शेवटचा मेस्त म्हणजे सेबॅस्टियन. फायबरच्या होड्या आल्यावर त्याचं होडीकाम संपलं. इगर्जीची डागडुजी तेवढी राहिली.

तीन वर्षांपूर्वी छप्पर गळू लागलं. चर्च समितीचा डायलन म्हणाला, "मेस्तांनू, पत्रो घालूक होयो. लाकडां वाळवीन खाल्ली."

"सगळी नाय खाल्ली," सेबॅस्टियन म्हणाला. "माका सोडवूक देवा. कुजलेली बदलतंय, बाकीची परत लावतंय."

सत्तरी ओलांडलेला मेस्त दीड महिना परांचीवर होता. प्रत्येक फासळी उतरवली की छिन्नीने तिच्यावर खूण कोरायचा, म्हणजे परत लावताना चूक नको. सगळी लाकडं त्याने मागच्या अंगणात ताडपत्रीखाली रचली. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो कणकवलीला लेकीकडे, रॉविनाकडे गेला.

पंधरा दिवसांनी परतला तेव्हा इगर्जीवर निळा पत्रा होता आणि अंगण मोकळं.

"लाकडां खंय?"

डायलनने मान खाली घातली. "रिसॉर्टवाल्यान नेली, अंकल. पाऊस तोंडार इलेलो. तुमच्या डोळ्यांचा ऑपरेशन, तुमका विचारूचा कसा?"

सेबॅस्टियन तसाच वळला. घरी गेला आणि दोन दिवस जेवला नाही.

वर्षभराने रिसॉर्टचा माणूस त्याच्याच दारात आला. समुद्राकडच्या बारवर जुनं छप्पर चढवायचं होतं, पण तुकडे जुळत नव्हते. बायको इझाबेल दारातच आडवी आली. "तुका लाज नाय? ह्या माणसाक बोलवूक इलंस?"

पण सेबॅस्टियनने हत्यारांची पिशवी उचलली.

आठ दिवस त्याने काम केलं. अर्ध्या फासळ्या उलट्या ठोकल्या होत्या, त्याही लोखंडी खिळ्यांनी. एकेक खिळा उपटून त्याने नव्या खुंट्या घडवल्या. खाली बाटल्या मांडलेल्या होत्या. शेवटची फासळी बसली तेव्हा तो परांचीवरच बसून राहिला. खाली उतरवायला दोघांना वर जावं लागलं.

"कित्याक केलंस रे?" घरी इझाबेलने विचारलं.

"लाकडां तशी उलटी बघवली नाय गो," म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला.

आता रविवारी तो मिसाला येतो, पण आत बसत नाही. दाराबाहेर उभा राहतो. पावसात पत्रा एवढा वाजतो की फादरांची प्रार्थना तिथवर ऐकू येत नाही. इझाबेल आत बाकावर, शेजारची जागा मोकळी ठेवून बसते.