पेट्रोल भरायला

बीड जिल्ह्यात कायद्याला मनापासून भिणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. आमच्याकडं कायदा म्हणजे पाव्हणा. आला तर बसा म्हणायचं, चहा पाजायचा आणि तो उठून गेला की आपल्या कामाला लागायचं. साडूंना हे कधी जमलं नाही. धारूरच्या पेठेत एका गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी जत्रेच्या गर्दीपुरती 'एकेरी मार्ग' अशी पाटी लावली होती. जत्रा उठली, पाटी राहिली, पुढं गंजून तिच्यावरची अक्षरंही गेली. साडू अजून त्या गल्लीतून उलटे जात नाहीत, पायीसुद्धा. एकदा रस्त्यावरच्या पोलिसानं डास मारायला हात उचलला, तर यांनी मोटार कडेला घेतली, खाली उतरले आणि सगळी कागदपत्रं त्याच्या हातात दिली. तो बिचारा घाबरून म्हणाला, "काका, म्या काय केलं?"

अशा माणसाच्या वाट्याला वडलांची मोटार यावी, ही देवाची थट्टाच म्हणायची. काळी, रुंद, उंच गाडी. वडलांनी हैदराबादेहून आणली तेव्हाच ती जुनी होती. बोनेटवरचं कंपनीचं नाव पुसून पुसून साडूंनीच घालवलेलं. याच गाडीतून आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, लग्न होऊन धारूरला गेली. मी केजला विम्याचं काम करतो, त्यामुळं या गाडीचे कागद सांभाळणं आपसूकच माझ्या गळ्यात पडलं.

तीन-चार वर्षांपूर्वी गाडीच्या नोंदणीची मुदत संपली आणि तपासणीत ती नापास झाली. वळायचे दिवे नाहीत, आहेत ते दिवे मिणमिणते. तपासणाऱ्या साहेबांनी सरळ सांगितलं, "दिवे बसवा, न्हाईतर भंगारात काढा. न्हाईतर आता नवा नियम हाय, पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असंल तर विंटेज म्हणून नोंदवा. जुना नंबर राहील." वडलांच्या गाडीला दिव्यांसाठी भोकं पाडायची कल्पना साडूंना सोसेना. त्यांनी तिसरी वाट धरली. साहेब लोकांनी गाडी खालून-वरून पाहिली, पुढं रीतसर सर्टिफिकेट आलं, दहा वर्षांचं. आक्का ते हातात घेऊन म्हणाली, "गाडीला दहा दिली. मला कोण देतंय?" आम्ही सगळे हसलो होतो.

मग साडूंनी नियम पुरता वाचला. विंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, आणि पेट्रोल भरायला किंवा देखभालीला न्यायची, एवढ्यासाठीच.

हा नियम दुसऱ्या कुणाला बोचला नसता. पण आक्काचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ते जुळलं तरी तिला खाली वाकून बसता येत नव्हतं. जीपमध्ये तिला चढता येईना, एसटीची पायरी उंच, माझ्या मुलाच्या नव्या गाडीची सीट जमिनीला टेकलेली. या एकाच गाडीचं दार कपाटाएवढं आणि सीट खुर्चीएवढी उंच. तिच्यात बसून आक्का दर सोमवारी केजला आमच्याकडं यायची, दोघी बहिणी पोटभर बोलायच्या आणि ऊन उतरलं की ती परत जायची. तिच्या आठवड्यात सोमवार सोडला तर दुसरा वार नव्हता.

विम्याचा फॉर्म भरायला मी धारूरला गेलो. 'वाहनाचा उपयोग' या रकान्यात साडूंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पत्नीस दर सोमवारी बहिणीकडे नेणे.' मी कपाळावर हात मारला.

"साडूबुवा, हे परत येईल. प्रदर्शन लिहा आणि खुशाल फिरा. आपल्याकडं कोण विचारतंय?"

"खोटं लिहू? कावून, कशापायी?" ते म्हणाले. "आन् उद्या कुणाला धक्का लागला, त्यानं काय करायचं? तुमची कंपनी हात वर करंल. माझ्या मंडळीच्या हौसेपायी दुसऱ्याचं हाड मोडलं तर ते कोण जुळवणार, साडूभाऊ?"

मी चिडलो. असला माणूस घरच्यांना छळायलाच जन्माला येतो, असंही मनात म्हणालो. त्या सोमवारी आक्का आली नाही. माझी बायको दुपारपर्यंत दारात बसून होती आणि संध्याकाळी तिनं माझ्याशी अबोला धरला, जणू नियम मीच केला होता.

पुढच्या सोमवारी अकराच्या सुमाराला रबरी भोंगा ऐकू आला. आमच्या घरामागं पेट्रोल पंप आहे. तिथं काळी गाडी उभी, पुढच्या सीटवर आक्का नऊवारी नेसून ताठ बसलेली, आणि साडू पंपावरच्या माणसाला सांगताहेत, "पाच लिटर टाका."

"धारूरात पंप न्हाईत का?" मी विचारलं.

"हाईत की. पण कोणत्या पंपावर भरायचं, ते नियमात लिवलेलं न्हाई. शेजारी कुणी बसू नये, असं बी न्हाई."

"मग घरी चला आता. चार पावलांवर तर आहे."

"तुमच्या गल्लीत पेट्रोल मिळतं का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

तेव्हापासून माझी बायको डबा घेऊन पंपावर जाऊ लागली. दोघी बहिणी गाडीत बसायच्या, आणि त्यांचं बोलणं चालेल तोवर साडूंची देखभाल चालायची, कारण नियमात तीही बसते. चाकांतली हवा बघायची, पाणी घालायचं, काच पुसायची, ऑइलची कांडी काढून पुसून पुन्हा घालायची. दोघींना एखाद्या लग्नाचा विषय सापडला की साडू चारही चाकांचे नट परत आवळायला घ्यायचे. एवढी देखभाल झालेली गाडी आमच्या मुलखात दुसरी नसेल. आणि पाच लिटरच्या वर पेट्रोल मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. येण्याजाण्यात ते संपायचं, म्हणजे पुढच्या सोमवारी पुन्हा भरणं भाग. फॉर्मच्या त्या रकान्यात आम्ही 'पेट्रोल भरणे व देखभाल' असं लिहिलं, आणि ते अक्षरशः खरं होतं.

मागच्या दिवाळीनंतर आक्का गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास दिला नाही. सहा वर्षं मिळाली असती अजून, त्या सर्टिफिकेटाच्या हिशेबानं. गाडीला आहेत, तिला नव्हती.

विमा संपत आला तेव्हा मी फॉर्म घेऊन धारूरला गेलो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लखलखीत उभी होती, शेजारच्या सीटवर घडी घातलेली शाल. साडू वाळले होते. मी नेहमीच्या सवयीनं रकान्यात 'पेट्रोल भरणे व देखभाल' लिहिलं आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढं केला. त्यांनी तो वाचला, माझ्या हातातलं पेन घेतलं, ओळीवर सरळ रेघ मारली आणि सावकाश लिहिलं, 'प्रदर्शन.' पूर्वी हाच शब्द लिहा म्हणून मी भांडलो होतो. आता तो वाचवेना.

"असं कशाला?" मी म्हणालो. "राहू द्या की जुनंच. येत जा सोमवारी. आमची ही डबा करून वाट बघते."

"खोटं लिवायचं न्हाई, साडूभाऊ."

"यात खोटं काय? गाडी म्हटली की पेट्रोल लागणारच."

साडूंनी पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या खिशाला नीट अडकवलं. मग शेडकडं बघत म्हणाले, "दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी एकलाच हितल्या पंपावर गेलतो. टाकी फुल करून आणली."