पाहणाऱ्याची खुर्ची

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मराठी ही माझ्या शाळेची भाषा; घरी आम्ही माडिया बोलतो. ज्या प्रश्नावर शिकलेली माणसं वाद घालतात, त्यावर मी काय लिहावं? पण तो प्रश्न बरेच महिने माझ्यासोबत झोपायचा आणि माझ्यासोबत उठायचा. कोणी आपल्या माणसांचं सोंग काढलं, तर ते मनातल्या तुच्छतेमुळे, की त्याला ठाऊकच नसतं म्हणून? मला साऱ्या जगाबद्दल जाणून घ्यायचं नव्हतं. एका मित्राबद्दल हवं होतं.

तो चंद्रपूरचा. त्याच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान आहे. मी भामरागडच्या पलीकडचा, हॉस्टेलात राहणारा. पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर एकटाच बसलो होतो. तो उशिरा आला आणि म्हणाला, "सरक ना बे." तेव्हापासून त्याच्या डब्यातलं अर्धं माझं.

हिवाळ्यात गॅदरिंग झालं. त्यात 'आदिवासी नृत्य' होतं. पोरांनी तोंडाला काळा रंग फासला होता, कमरेला हिरव्या कापडाची पानं, हातात पुठ्ठ्याचे भाले. तोंडावर हात आपटत ती विचित्र ओरडत होती. तसा आवाज आमच्या रानात मी माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही, पाखराच्याही नाही. मधल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसलो होतो. आजूबाजूला शिट्ट्या वाजत होत्या. मला वाटलं, दुसरंच कोणीतरी झोपलंय, त्याच्या स्वप्नात मी आहे, आणि तो मला चुकीचा पाहतोय. सगळ्यात उंच उडी मारणारा माझा मित्र होता. पानंही त्याच्याच दुकानात शिवलेली.

नाच संपल्यावर तो धावत आला. घामाने रंग कॉलरवर ओघळला होता.

"कसं वाटलं? तुमचंच केलं ना आम्ही!"

"चांगलं होतं."

"मग असा काऊन गप्प?"

"थंडी वाजून राह्यली."

त्याने लगेच आपला मफलर काढून माझ्या गळ्यात टाकला. त्या मफलरमुळेच मला नीट रागावताही येईना. त्याला माहीत असून केलं असेल, तर तो अर्धा डबा कसला होता? आणि माहीत नसेल, तर इतके महिने मांडीला मांडी लावून बसला, एकदा विचारलं का नाही?

उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. तो आपणहून म्हणाला, "मी येतो." बस सोडली, मग पायवाट. मोहफुलांचा वास गावाच्या आधीच आला आणि मग गावभर आमच्यासोबत चालत राहिला. अंगणात टेकतो न टेकतो तोच माझ्या आत्याने पानाच्या द्रोणात मोहाची दारू आणून त्याच्यापुढे धरली. पाहुण्याला पहिला मान तोच. त्याने द्रोण हातात घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी आत्याला माडियात सांगितलं, याच्या घरी चालत नाही. आत्याने कपाळावर हात मारला आणि मलाच झापलं, "मला काय माहीत? तुला तोंड नव्हतं का?" द्रोण गेला, आंबील आली. दुसऱ्या दिवशी ज्या ज्या घरी गेलो तिथे त्याच्यापुढे आंबीलच. आत्या सकाळीच गावभर सांगून आली होती.

"पोटाचा ढोल झाला बे," तो म्हणाला. "वाजवू काय?"

संध्याकाळी रेला नाच सुरू झाला. आमच्याकडे हात गुंफून गोल करतात. तोंडं आत, पाठी बाहेर. पाऊल संथ पडतं, पुन्हा तेच, पुन्हा तेच, मग पाय आपले की जमिनीचे ते कळत नाही. तो मोबाइल काढून गोलाभोवती फिरत होता.

"अबे, पाहू कुठून? सगळ्यांच्या पाठीच दिसून राह्यल्या."

"इथी पाहायले कोणी नसते. पाहायचं असंल तं आत ये."

तेवढ्यात आत्याने त्याचं मनगट धरून त्याला आत ओढलं. त्याची पावलं चुकत होती, बायका हसत होत्या. थोड्या वेळाने कोणी हसेना, म्हणजे चुकत नव्हती.

नंतर आम्ही नदीकाठी वाळूत बसलो.

"कॉलेजात मी जे केलं, त्याचं तुले वाईट वाटलं होतं?"

"हो."

"सांगतलं काऊन नाई?"

"तू विचारलं काऊन नाई?"

तो वाळूत बोटाने रेघोट्या ओढत म्हणाला, "टीव्हीत असंच दाखवते ना यार. मले वाटलं, असंच असते."

माझं उत्तर मिळालं होतं, तरी पूर्ण मिळालं नव्हतं. आत्यालाही माहीत नव्हतं. पण कळल्यावर तिने काय केलं ते मी पाहिलं होतं. त्याचं आता कळणार होतं. ऑगस्टात आदिवासी दिनाला कॉलेजात तोच नाच, त्याच पोरांचा, पुन्हा होणार होता.

त्या दिवसांत मी धानाच्या रोवणीसाठी गावी आलो आणि अडकलो. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं, टॉवर बंद पडला. बांधीत वाकून रोप लावताना पावसाच्या आवाजातून मला ढोल ऐकू यायचा. आमचा की स्टेजवरचा, ते ओळखू येत नसे.

पाणी उतरलं. एका दुपारी चिखलात उभा असताना खिशातला फोन थरथरला. हात सदऱ्याला पुसून मी कानाला लावला. त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज होता.

"भाऊ, नाच झाला. रंग लावूनच झाला. मी नाच बसवणाऱ्या सराले सांगतलं, असं नसते म्हणून. तर सर म्हणते, 'माहीत आहे रे, पण लोकांले हेच आवडते.' अब्बांनी पानं शिवून नाई दिली, तं त्यांनी नागपूरहून आणली. मी नाई नाचलो. तुझ्या खुर्चीवर जाऊन बसलो होतो. तिथून... लय वेगळं दिसते यार."