धुरा नसलेलं वावर

नांदगाव पेठेतल्या एका गिरणीच्या फाटकावर आम्ही युनियनची पत्रकं वाटत होतो, तेव्हा अकोल्याहून वैशालीवहिनीचा फोन आला. "हे खुर्चीतच हायेत... हलवलं तरी हलून नाही राहिले," एवढंच ती म्हणाली.

तिचा नवरा सुधीरदादा माझा मावसभाऊ. सिनेमातली खोटी आग, खोटा पूर संगणकावर रचणारा व्हीएफएक्स सुपरवायझर. मुंबईची नोकरी सोडून तो अकोल्याला परतला आणि घरूनच, स्वतःच्या दरानं कामं घेऊ लागला. दर ठरवताना मात्र त्यानं भातकुलीच्या शेतातला हिशेब लावला. मावशी-काका सोंगणी, म्हणजे पिकाची कापणी, उक्त्यानं घ्यायचे. एवढं वावर, एवढे पैसे, लवकर उरका नि मोकळे व्हा. दादानं अख्खा सिनेमा तसाच उक्ता घेतला. रोजानं राबणं त्याला कमीपणाचं वाटे. मी भांडलो. रोजाचा दर लाव, बदल सांगितले तर त्याचे पैसे वेगळे माग, म्हणालो. तो हसला. "तुह्या पत्रकाईनं माह्यं लाईट बिल भरते काय बे?"

आग तयार झाली. निर्मात्याला ती जास्त लाल हवी होती. मग कमी लाल. मग धूर दाट, मग धूरच नको... प्रत्येक फेरी त्याच पैशात. दिवाळीला गेलो तर दादाचे पाय सुजलेले. छातीत दुखतं हे त्यानं नाही, वहिनीनं सांगितलं. एवढा बदल संपला की डॉक्टरकडे जाऊ, असं तो म्हणे, आणि पुढचा बदल येई. त्या भेटीत तो पहिल्यांदाच वाद न घालता बोलला. "वावराले धुरा असते बापू, कडेचा बांध, तिथं सोंगणी संपते. याले धुराच नाही. पुढचं काम रोजानंच." निर्मात्याला त्यानं तसं कळवलंही. त्याचं उत्तर आलं नाही. जुन्या आगीत आणखी एक बदल तेवढा आला. तो करतानाच दादा गेला. याला नैसर्गिक मृत्यू म्हणायला मी तयार नाही.

गेल्या आठवड्यात अकोल्याला गेलो. एखादं दृश्य पूर्ण झालं की दादा उठून खोलीच्या दारात जायचा आणि डोळे बारीक करून पडद्याकडे बघायचा. खोटेपणा दुरून लवकर दिसतो, म्हणायचा. आता त्या खुर्चीवर वहिनी बसते; हे काम ती त्याच्याजवळच शिकली. माझ्यासमोर ती उठली, दारात त्याच जागी उभी राहिली, तसेच डोळे बारीक केले. तेवढ्यात फोन वाजला. कुणी नवा निर्माता दर विचारत होता. रोजानं सांग, रोजानं, असं मी हातानं खुणावत राहिलो... तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"उक्तं सांगते," ती फोनवर म्हणाली. "तुमी काम तं द्या."