हिरव्या पट्टीची झारी

मास्तरची झारी त्या सकाळी जागेवर नव्हती, आणि सगळं बिनसलं ते तिथूनच.

मास्तर म्हणजे कुणी शिकलेला माणूस नव्हे. "याच्या डोक्यात काही शिरत नाही" म्हणून शाळेने त्याला तिसऱ्याच दिवशी घरी धाडलं होतं. पण प्रशिक्षण केंद्राच्या रोपवाटिकेत चाळिशीचा हा गडी रोपांच्या ट्रेमधल्या एका खणात दोन बिया टाकणाऱ्याला फैलावर घ्यायचा, म्हणून हे नाव. त्याला शिकवणाऱ्या बाईंनी दोनच नियम पक्के करून घेतले होते. झारीवर हिरवी पट्टी म्हणजे पाणी, लाल म्हणजे विष. आणि वास आला की हात मागे. आठ महिन्यांत तो एकदाही चुकला नाही. शहाण्यासुरत्यांनी सांगावं बरं स्वतःबद्दल असं!

त्या दिवशी बाई रजेवर होत्या आणि एका मोठ्या नर्सरीचा मालक कायमचा माणूस निवडायला आला होता. मास्तरची थोरली बहीण, ताई, कुंपणापाशी उभी होती. आईमागे तिनेच त्याला सांभाळलं. आता तिचे गुडघे गेले होते, छातीतही कळ यायची. आपल्यामागे याचं कसं होणार, या एका घोराने तिला पोखरलं होतं.

भांडारवाल्याने कुठूनतरी झारी आणून दिली. पट्टी हिरवीच होती. मास्तरने ती टोमॅटोच्या रोपांवर धरली, नाक आक्रसलं आणि हात मागे घेतला.

"वास."

"कसला वास? पाणी आहे ते," भांडारवाला म्हणाला. नजर मात्र जमिनीवर.

"वास. हात मागे."

मालकाने घड्याळ पाहिलं. "ऐकत नाही वाटतं हा."

भांडारवाल्याची नजर ताईला दिसली होती, खोटं कशाला बोला. पण हातातोंडाशी आलेला घास जाईल म्हणून ती ओरडली, "अरे, घाल की पाणी! मी सांगते ना!"

उभ्या आयुष्यात त्याने ताईचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्याने पाणी घातलं. एकेका खणात, अगदी मापात.

"हात स्थिर आहे," मालक म्हणाला. "चार दिवसांनी रोपं बघतो, मग नेतो याला."

दुसऱ्याच दिवशी शेंडे वाकडे झाले. तिसऱ्या दिवशी पानं पिळवटली. मास्तर ट्रेपाशी बसून राहिला, जेवायलाही उठेना. चौथ्या दिवशी मालक आला, वाकून बघितलं आणि मास्तरला न घेताच गाडीकडे वळला. भांडारवाल्याने ज्या हिरव्या पट्टीच्या झारीत तणनाशक कालवलं होतं, ती त्याने एव्हाना घासून लख्ख केली होती. "अशांच्या हाताला विष लागू देता कशाला?" असं तोच वर विचारत होता. चोराच्या उलट्या बोंबा!

रजेवरून परतलेल्या बाई मास्तरसमोर खाली बसल्या. "खरं सांग. तुला वास आला नव्हता?"

मास्तरने ताईकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती.

"मला आला होता," तो म्हणाला. "ताईला नव्हता आला."